जज आणि थकलेला बँड

गाणं ऐकताना जज डोळे मिटायचा आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत खोलीत कुणाला खोकूही द्यायचा नाही. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. तो आमच्याच वर्गातला, खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या एका फिटरचा मुलगा. पण नागपूरच्या आमच्या होस्टेलात त्याचं खरं नाव फक्त हजेरीला उरलं होतं.

निकालाला वजन होतं, कारण कोऱ्या कॅसेटी कमी होत्या. अल्बम पसंत पडला की कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन कान तो नखानं मोडून टाकायचा. मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. नापसंत कॅसेटवर मात्र पुढच्याच सुटीत दुसरी गाणी चढत.

मी तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेलो, कॉलेजची पायरी चढणारा घरातला पहिलाच. त्याचा आवडता इंग्रजी थ्रॅश बँड, म्हणजे सुसाट गिटार आणि ढोलांचा कल्लोळ, ऐकून पहिल्यांदा माझं डोकं दुखलं होतं. तरी त्यानं मला आपल्या खाटेवर, टेपच्या बाजूला बसवलं. म्हणाला, "तुले इंग्रजी समजत नाही, म्हणून तू बाजा ऐकतो. हे बाकीचे अर्थ ऐकून राहिले." ज्या उणिवेनं मी वर्गात मान खाली घालायचो, तिच्यासाठी मला जागा देणारा तो एकटाच. त्या जागेवर दुसरं कुणी बसलं, की मला जेवण जात नसे.

एकदा तो घरून त्या बँडचा नवा अल्बम भरून घेऊन आला. ऐकून निकाल दिला, "थकले गा हे. संसारी झाले." आमच्या हिशेबात चार-पाच वर्षं वाजवलेला बँड म्हाताराच. पण मला तो अल्बम आवडला होता. चढावरच्या मालगाडीसारखी त्यातली गिटार ओढत ओढत यायची. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला विरोध केला.

"थकले नाही. समजदार झाले."

"समजदार माणसानं काहून ढोल बडवावा?"

हा वाद मेसमधल्या पातळ वरणावर चालला, चहाच्या टपरीवर चालला. वाद मिटेपर्यंत कॅसेट पुसायची नाही, असं ठरलं होतं. तो मिटू नये, असंच मला वाटत होतं.

मग सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात राहणारा एक मुलगा वर्गात आला. त्याच्या घरी मोठा डेक होता आणि परदेशातून आलेल्या अस्सल कॅसेटी. एका दुपारी त्यानं आम्हाला कूलरच्या गारव्यात बसवून तोच अल्बम लावला. गाणं घोड्यासारखं उधळलं. मला ते ओळखूच येईना. बाजू संपायच्या आत जजनं डोळे उघडले, हेही पहिल्यांदाच.

"अरे बापा. मी भरली तवा ज्या टेपवर अस्सल कॅसेट वाजत होती, त्याचे सेल संपून राहिले होते. मशीन थकली होती, अन् मी बँडले शिक्षा देऊन राहिलो."

ते दोघं पोट धरून हसले. मीही हसलो, जरा उशिरा. माझं स्वतःचं असं एकच मत होतं, आणि ते संपत आलेल्या सेलांचं निघालं.

त्यानंतर जजचे रविवार सिव्हिल लाइन्समध्ये जाऊ लागले. परत आला की बोलण्यात "तो म्हणे" असायचं. मलाही बोलवायचा, "चाल ना गा." मी अभ्यास आहे म्हणायचो. आणि खरंच करायचो. त्या जळफळाटात मला पहिला वर्ग मिळाला. घरच्यांना अजून ती देवाची कृपा वाटते.

शेवटचा पेपर झाला आणि तो वळकटी घेऊन निघाला. रिक्षात बसल्यावर खिशातून ती जुनी कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली.

"त्यानं मांगतली होती, गंमत म्हणून. नाही देली. हे तुया बँडची आहे."

रिक्षा वळणाआड गेल्यावर मी कॅसेट उलटी करून पाहिली. दोन्ही कान मोडलेले होते.