वजा अठरात पाऊण तास

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात नवऱ्याची दुबई मरीनातली नोकरी गेली आणि अल नहदातलं आमचं घर माझ्या एकटीच्या नोकरीवर आलं. मी शारजात फ्रोझन मालाच्या गोदामात स्टॉक मोजायचे. बाहेर पंचेचाळीस, फ्रीझरमध्ये वजा अठरा. आत कधी एकट्याने जायचं नाही, एकाने दाराशी थांबायचं, असा नियम. पण निम्मी माणसं कमी केल्यावर दाराशी थांबणारा आणायचा कुठून? दार आतून उघडायचा खटका बिघडलेला, आणि तो दुरुस्त करणाराही इंडियाला परत गेलेला. म्हणून आम्ही दारात कोळंबीचा खोका अडकवून आत जायचो.

त्या सकाळी मॅनेजरने झापलं, "मॅडम, दरवाजा खुला मत रखो. ठंडक बाहर जाती है." दुपारी सगळे नमाजाला आणि जेवायला गेले. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी नुसतं जॅकेट चढवलं, हातमोजे राहू दिले. आत जाताना खोका पायाने सारला आणि फट राहील इतपत दार ओढून घेतलं, पण ते आपल्या भारानेच खटकन लागलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, माहेरी मला फटाकडी म्हणायचे. पण दर गुरुवारी कमी करायच्या माणसांची यादी निघायची, आणि तिने माझी बोलतीच बंद केली होती. शहाण्यासारखं ऐकलं आणि अडकले.

दार बडवलं. ओरडून घसा बसला. मोबाईल बाहेर टेबलावर. पुठ्ठे फाडून जॅकेटच्या आत पाठीपोटाला खुपसले. मटारचे खोके या रांगेतून त्या रांगेत नेले, परत आणले, मोठ्याने पाढे म्हणत. एकोणतिसाचा पाढा सहाच्या पुढे आठवेना, तेव्हा मला रडू फुटलं. लेक आठ वर्षांची, तिची वेणी घालायला अजून मीच लागते, एवढंच डोक्यात येत होतं. मग बोटं दुखायची थांबली आणि मी फार घाबरले. पाय उचलेनात, तशी खाली बसले.

पाऊण तासाने म्हाताऱ्या हमालचाचांनी दार उघडलं. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी माझ्या हातांना गुंडाळला. मागोमाग मॅनेजर कागद टाईप करूनच घेऊन आला: मी नियम मोडून एकटी आत गेले, चूक सर्वस्वी माझी. मला पेन धरवेना, तर त्याने शाईचं पॅड पुढे केलं. एम.कॉम. झालेल्या मी तिथे अंगठा उठवला, आणि वर त्यालाच सॉरी म्हटलं.