देवयानीचा गट नंबर

ऑनलाइन मागवलेली दुर्बीण परत पाठवायची उद्या शेवटची तारीख होती आणि आईची अट साफ होती: आज संध्याकाळी काहीतरी दाखव, नाहीतर खोकं बांध. मी शहाद्याला नोकरी करणारी, पस्तिशीची बाई, पण शाळकरी पोरीसारखी दिवसभर अंधार पडायची वाट बघत होते.

कळसाडीच्या आमच्या शेताला आदल्याच दिवशी पाणी भरलेलं. चिखलात दुर्बिणीचे पाय रुतायला लागले, म्हणून मी ती ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत चढवली. मागोमाग पदर खोचून आईही चढली. मी तोऱ्यात समजावलं की सातबाऱ्यावर जसा जमिनीचा गट नंबर, तसा आकाशातही प्रत्येकाचा पत्ता असतो. देवयानी दीर्घिकेचा विषुवांश शून्य तास बेचाळीस मिनिटं, क्रांती उत्तरेला एक्केचाळीस अंश. आता बघच!

फोनच्या होकायंत्रावर उत्तर धरली, दुर्बिणीच्या चकत्यांवर आकडे लावले, डोळा लावला. काळोख. पुन्हा लावले. काळोखच. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"गट सापडत नई तं मोजणीवालाले बलाव," आई म्हणाली. मग दुर्बिणीकडे बघत दुसरीकडेच बोट दाखवून, "पन हिनं तोंड तिकडे काब्र? ध्रुव तं आठे शे. तुन्हा आजलानी सऱ्या ध्रुव देखीसन पाड्यात."

खाली आजोबांच्या सऱ्या सरळ ध्रुवाकडे निघालेल्या आणि माझी दुर्बीण भलतीकडेच. लोखंडी ट्रॉलीत उभी राहून, त्याच लोखंडानं भरकटलेल्या होकायंत्राला मी उत्तर विचारत होते! इतकी हसले की ट्रॉली डुलायला लागली.

दुर्बीण ध्रुवावर रोखली, एका ओळखीच्या ताऱ्यावर चकत्या जुळवल्या, मग तेच आकडे. आणि आली की! फिकट, लांबट, धूसर. मी तिथंच नाचणार होते, पण आईनं मला हात धरून खाली बसवलं आणि स्वतः डोळा लावला.

"काच पुस."

पुसली. डाग जिथल्या तिथं. तो डाग नाही, मी म्हटलं, माणूस जन्मायच्या आधी निघालेला उजेड आहे. आईनं पुन्हा डोळा लावला तो काढेचना. आता माझी पाळी, म्हटलं तर तिनं मला कोपरानं ढकललं.

"थांब वो. इतला दूरथीन उना, बसू दे त्याले."

सकाळी मी खोकं शोधत अंगणात आले. आईनं ते उभं फाडून पसरलं होतं आणि त्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.