समोर कुणी नसताना चढलेली बोली

मंडळी, सांगलीतल्या सायबर कॅफेतून लिहितोय. फोनची लाइन तुटायच्या आत मनातलं ओकून टाकतो.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला आमची हळद सापडावी म्हणून एका सर्च साइटवर 'टर्मरिक' या शब्दासाठी मी बोली लावली होती. कुणी जाहिरातीवर क्लिक केलं की तेवढे पैसे कापले जातात. आज सकाळी मेल आली. कमीत कमी बोलीच वाढवलीय. भरा, नाहीतर जाहिरात बंद!

शेजारी माझे वडील, आबा, बसले होते. त्यांची हयात हळदीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, गेली.

"आपल्या बोलीवर कुणी चढवलं रं?"

"कुणीच नाही, आबा. या शब्दावर आपण एकटेच आहोत."

"मग भाव वाढंल कसा? सौद्यात दुसरा व्यापारी बोलला तरच आमी चढतो. समोर कुणी न्हाई तर गप ऱ्हातो."

जन्मात हळदीला हात न लावलेला कुणीतरी तिकडं बसून आकडा ठरवतो, आणि आपण माना डोलवायच्या!

मीही डोलवली. वाढीव बोली मुकाट्यानं मान्य केली. आबा उठून बाहेर गेले.

समोर कुणी नसताना बोली चढवणाऱ्याला आमच्या पेठेत येडा म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?