रंगाखाली उठलेले ठिपके

आधीच सांगते, करणी, बाहेरचं, अंगात येणं असलं काही माझ्यापुढे काढलं की माझं डोकं सरकतं. मी नारायणगावला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. आधी रिपोर्ट दाखवा मग बोला, अशी मी बाई. त्यात आमचं गाव खोडद... गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसतात. तिथे राहून ही काय सांगतेय म्हणून हसायचं तर हसा. मीही हसले असते.

घरात आम्ही तिघं – मी, आमचे हे आणि सासरे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण माणूस खमका. आम्ही दोघं पुढच्या दाराला कुलूप लावून कामावर गेलो की अप्पा आपलं आपण जेवण घ्यायचे, मोरीत हातपाय धुवायचे, खोलीत जाऊन पडायचे. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "माझं घर हाये, मला समदं ठावं हाये." फक्त नव्या संडासापर्यंत त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. तो आम्ही सासूबाई गेल्यानंतर घरातच बांधला, आधी परसात होता. तेवढा हात धरणंही त्यांच्या जिवावर यायचं.

दिवाळीच्या आधी ह्यांनी आतली सगळी दारं नि चौकटी रंगवायला काढल्या. वासाचा त्रास नको म्हणून अप्पांना ओझरला नणंदेकडे नेऊन ठेवलं. पेंटर पिंपळवंडीचा. त्यानं कामाला हात घातला आणि थांबला.

"ताई, हे देवाचं हाय काय? खरवडू का नको?"

सासूबाईंनी चौकटींवर हळद-चुना कालवून ठिपके दिले होते, एका चौकटीला आडवी रेघ. दर सणाला त्याच जागी परत परत, म्हणून चांगले मुगाच्या दाण्याएवढे वर आले होते. नेहमी लावतात तसं दाराच्या वरच्या पट्टीला नाही, बाजूच्या उभ्या लाकडाला, कमरेच्या जरा वर. कुणी विचारलं की म्हणायच्या, आमची पद्धत आहे.

"खरवडा हो," आमचे हे म्हणाले. "रंग सपाट आला पाहिजे, बाकी काय नाय."

मग त्यानं खरवडलं, पॉलिश पेपर मारला, खाचा बुजवायला लांबी भरली, प्रायमर, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. काम मात्र झकास केलं हं! हात फिरवला तर काच.

अप्पा परत आले आणि दोन-चार दिवसांत मोरीत पडले. निघाले होते स्वयंपाकघरात. गुडघा टम्म सुजला. आणि त्यानंतर त्यांनी खाटच धरली. गुडघा उतरला तरी उठेनात. दुपारसाठी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून पाणीच सोडलं होतं त्यांनी! हे मला त्यांच्या लघवीच्या रंगावरून कळलं – माझं कामच ते. असा राग आला... आणि लगेच रडूही आलं.

ह्यांचं आणि माझ्या दिराचं फोनवर ठरलं. अप्पांना भोसरीला दिराच्या फ्लॅटवर न्यायचं, तिथे दिवसा घरात माणूस असतं. रविवारी गाडी येणार. अप्पांना सांगितलं तर ते नुसतं "चालंल" म्हणाले. दोन दिवस पोरीकडे ओझरला राहायचं तरी कुरकुर करणारा माणूस हा!

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले. "अप्पा, खरं सांगा. असं एकदम काय झालं?"

ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "दारं मुकी झाली, पोरी."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, "तुझ्या सासूनं खुणा केल्या व्हत्या. एक ठिपका सैपाकघर. दोन ठिपकं मोरी. आडवी रेघ म्हंजी माझी खोली. ती म्हनायची, लोकांना वाटू द्या सणाचं हाय, तुमची झाकली मूठ राहू द्या."

"मग आल्या आल्या बोलला का नाही?"

"तुमी हौसंनं केलंत. काय बोलायचं?"

मी उठून तिन्ही चौकटी चाचपल्या. कुठे काही लागतंय का ते बघितलं. डोंबल! सगळं गुळगुळीत.

शनिवारी कामावरून येताना हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाला लावायची पुटी घेतली, म्हटलं आपणच ठिपके करू. ऊन अजून उतरायचं होतं. कुलूप काढलं आणि बघते तर अप्पा स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आपल्या खोलीकडे निघालेले. एकटे. भिंतीला हात लावत.

"आलीस? लई बेस केलंस बघ! सकाळीच केलंस का? मला चाहूल बी न्हाई लागली."

"काय केलं मी?"

त्यांनी माझं बोट धरून चौकटीवर ठेवलं. ठिपका. मोरीला दोन. त्यांच्या खोलीला आडवी रेघ. आणि रंग कुठेही फुटलेला नाही, तडा नाही, वरून तीच चकाकी. ठिपके रंगाच्या खालून वर आलेले. माझी पिशवी हातातून खाली पडली.

आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, खरवडताना राहिले असतील. पेंटरला लगेच फोन करून बोलावलं. तो म्हणाला, लाकूड ओलं असलं की रंगाला फोड येतो. मग नखानं दाबून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "फोड मऊ असतो हो. ह्यो टणक हाय. आन् मी पार लाकडापतूर घासलं व्हतं, ताई."

काल माझ्याच हाताला काही लागलं नव्हतं, तरी मी 'राहिले असतील' हेच धरून बसले असते. खरंच. पण तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "आन् त्या नव्या दाराला काय दिलंस गं? बोटाला कायतरी येगळंच लागतंय."

नवं दार म्हणजे संडासाचं. त्या चौकटीला कुणी कधी ठिपका दिलेला नाही, देणार तरी कोण? सुतारानं ती आणली तेव्हा सासूबाई नव्हत्याच. मी जाऊन हात लावला. त्याच उंचीवर, रंगाखाली, एक छोटी चंद्रकोर. सासूबाई कपाळावर रेखायच्या तशी.

मी अप्पांना सांगितलं. ते चौकटीला धरून उभे राहिले. "जलमभर मागं लागली व्हती, संडास घरात घ्या म्हनून. मीच अडून बसलो..." त्यांनी चौकटीला कपाळ टेकवलं. "बगून गेली म्हनायची."

आमच्या ह्यांनीही त्या कोरीवरून बोट फिरवून बघितलं. मग भावाला फोन लावला – गाडी आणू नको.

मी रिपोर्टवाली बाई, पण ह्याचा रिपोर्ट माझ्याकडे नाही. विचार करून थकले. आता सणाला चारी चौकटींना हळद-कुंकू लावते. संडासाच्या चौकटीला लावताना शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत बापड्या. अप्पा तिथंही आता एकटे जातात. दुपारचा तांब्या संध्याकाळी रिकामा असतो.