डॉक्टर गाडीतून उतरले नाहीत

"खाटेला बांध. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे हे. उतरेल दोन दिवसांत."

डॉक्टरसाहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच अर्धी खाली, नाकाला रुमाल. गाडी मीच चालवायचो. विनवण्या करून दारापर्यंत आणली होती. समोर माझा तांडा, माझं घर, आत माझा धाकटा भाऊ थरथरत पडलेला. मी म्हणालो, "जी साहेब."

भावानं देवळासमोर, तांड्याच्या नायकाच्या साक्षीनं दारू सोडायची शपथ घेतली होती. आमच्यात शपथ घेतली की थेंबही नाही. वर्षानुवर्षांची दारू एका सकाळी बंद. मग हात कापायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. तांडा म्हणे, देव परीक्षा पाहून राह्यला.

आता खरं सांगतो. त्याच महिन्यात दिग्रसला एका वकिलाच्या घरी मी साहेबांची बॅग वर न्यायचो. वकिलाच्या मुलाचीही दारूच सुटत होती. शेजाऱ्यांना सांगायचं, टायफॉइड आहे. साहेब सकाळ-संध्याकाळ त्याच्या पलंगावर बसायचे, हात पुढे करायला लावून बघायचे, गोळ्या हळूहळू कमी करायचे. त्याच्या आईला म्हणाले होते, "एकदम बंद केली तर जीव जातो, ताई." मी दारातच उभा होतो. ऐकलं होतं.

तरी मी दोरी आणली. साहेब बोलले ना.

"भिया, हात सोड. मी कुठी जातो?" भाऊ म्हणत राहिला. मी गाठ आवळली. दुपारी त्याला झटका आला. कुशीवर वळवायचं तर हात बांधलेले. गाठ माझीच, मलाच सुटेना. सुटली तेव्हा तो गेला होता.

त्याचे दिवस झाल्यावर मी कामावर गेलो. हो, गेलो. तेच दार उघडलं. जी साहेब म्हणालो.

होळीनंतर शेजारच्या मोहननं शपथ घेतली. त्याचेही हात कापायला लागले. पुसदच्या एका बंगल्यावर जाताना मी गाडी तांड्याच्या फाट्यावर थांबवली.

"आधी तांड्यात चला, साहेब. पलंग नाही, खाट आहे. तिच्यावर बसा."

"डोकं फिरलं का तुझं? तिकडे पेशंट वाट बघतोय."

"इकडचा बी पेशंटच आहे."

त्यांनी मला उतरवलं, स्वतः गाडी घेऊन गेले.

मोहनला आम्ही ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आज तो ओळखतही नाही कुणाला. वाचेल का, सांगत नाहीत.

आता तांड्यात जो शपथेला उभा राहील, त्याच्या आधी मी नायकासमोर उभा राहणार. आधी दवाखाना, मग देव. आणि आमच्या खाटेवर जो डॉक्टर बसणार नाही, त्याच्या गाडीचं दार मी उघडणार नाही.