शिवराम तांडेलची दुसरी बाजू

"एकच बाजू आयकायची आसंल तर मना कशाला इचारता?" असं शिवराम तांडेल नेहमी म्हणायचा.

सारसोळ्याच्या खाडीत भरतीचं पाणी चढतं, तसा तो सावकाश बोलायचा. शिक्षण सातवीपर्यंत. घरात पत्रलेखनाचं एक इंग्रजी पुस्तक होतं, पुढची मागची पानं गळालेलं. त्या पुस्तकातल्या चार शब्दांवर त्याचा जीव जडला होता. ऑन द अदर हँड. आधी एक बाजू सांगायची, मग हे चार शब्द म्हणायचे, मग उलट बाजू सांगायची. आणि ती उलट बाजूही खरीच सांगायची, असा त्याचा नेम.

या नेमापायी बायकोनं, सखूनं, त्याला बाजारात टोपलीपाशी बसवणं बंद केलं. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "कोलंबी एकदम फसकलास. ऑन द अदर हँड, कालची हाय." शेजारचा म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शिवराम म्हणाला, "मोठा मानूस गेला. ऑन द अदर हँड, खाट मोकली झाली." मुलगा रडायचा थांबला आणि खाटेकडं बघत राहिला.

ब्याऐंशी सालची गोष्ट. गावाभोवती नवं शहर उभं राहत होतं. रोज कुठं ना कुठं खांब रोवले जायचे, भातशेतीच्या जागी इमारतींचे नंबर पडायचे. जेट्टीजवळच्या मैदानावर गावातल्या चाळीस बायका जवळा सुकवत असत. नव्या शहराच्या कचेरीतल्या नकाशावर नेमका तिथूनच रस्ता काढला होता. मैदान गेलं तर जवळा सुकवायचा कुठं?

त्या बायकांची पुढारीण म्हणजे म्हातारी शेवंताबाई. तिनं ठरवलं की अर्ज इंग्रजीत करायचा, मराठीतले अर्ज ढिगाखाली जातात. इंग्रजी येणारा माणूस गावात एकच होता. शिवराम तीन दिवस ओटीवर बसून लिहीत होता.

अर्ज गेला. आठवड्यानं शेवंताबाई त्याला घेऊन कचेरीत चौकशीला गेली. दिलीप नावाच्या कारकुनानं फाईल काढली आणि अर्ज मराठीत सांगायला सुरुवात केली.

"चाळीस बायकांचं पोट या मैदानावर आहे. मैदान घेऊ नये."

शेवंताबाईनं पदरानं डोळे टिपले. दिलीपनं पान उलटलं.

"ऑन द अदर हँड, वास फार येतो. नव्या इमारतींतल्या लोकांना जेवण जाणार नाही. कुत्री जमतात. रस्ताही गरजेचाच आहे." दिलीपला हसू आवरेना. "आजी, हा अर्ज तर आमच्याच साहेबांनी लिहिल्यासारखा वाटतोय!"

शेवंताबाई शिवरामाकडं वळली. "काय रं मेल्या, तू आमचा का त्यांचा?"

"आत्या, त्यांची बाजू मीच लिवली. आता त्यांना लिवायला काय उरलं?"

"सही उरली, मुडद्या, सही!"

पण सही झाली नाही. चार दिवसांनी नकाशा घेऊन साहेब स्वतःच मैदानावर आले, बरोबर दिलीप. स्वतःच्याच विरुद्ध बोलणारा अर्जदार त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. दुपारचं ऊन होतं, जवळा गुलाबी चादरीसारखा पसरला होता आणि वारा खाडीकडून येत होता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"वास खराच आहे," ते म्हणाले. मग बोटांनी मोजलं. "कुत्रीही आहेत. सहा. हा माणूस खोटं लिहीत नाही. म्हणजे पोटाचंही खरंच असणार." ते बोलावून आणलेल्या शिवरामाकडं वळले. "तुम्हीच सांगा, मैदान ठेवू की घेऊ?"

चाळीस बायका, त्यांत सखूही, हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

शिवरामानं घसा साफ केला. "ठेवा, सायेब."

बायकांनी श्वास सोडला. तेवढ्यात शिवरामाची मान हळूहळू तिरकी होऊ लागली. ती मान अख्ख्या गावाच्या ओळखीची होती.

"ऑन द अ..."

शेवंताबाईनं मूठभर जवळा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "झालं त्याचं बोलून, सायेब. आता जेवतंय तो."

साहेबांनी पेन्सिल काढली आणि रस्त्याची रेघ मैदानाला वळसा घालून नेली.

शिवराम जवळा चावत, कुणाकडंही न बघता, बांधावरून खाडीच्या दिशेनं चालू लागला. त्याच्या सदऱ्यात वारा भरला होता. उरलेलं वाक्य तो तिवरांना ऐकवत असावा. बायका पुन्हा जवळा परतायला बसल्या, साहेब जीपकडं वळले. सखू तेवढी उन्हाला हात आडवा धरून, तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिली.