वन्संची ऐकणारी डबी

कुसुमवन्सं गेल्या तेव्हा मी कुळथाचं पिठलं ढवळत होते. माझी सून मेधा दवाखान्यात त्यांच्याजवळ होती, तिचा फोन आला. "आई, आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं, गॅस बंद केला आणि अर्धकच्चं पिठलं गाईच्या घमेल्यात ओतलं. रडू आलं नाही. महिन्याभराने लाज आली, ती अजून गेलेली नाही. वन्संबद्दल चार ओळी लिहा, असं मेधा मागे लागली म्हणून लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा गोड करून लिहिणं मला जमणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. गुहागरला शाळेत बाई होत्या, निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आल्या. सोबत एक वाजवायची पेटी, दोन ट्रंका आणि दमा. आमचं भांडण कधी झालं नाही, तशी माया पण नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. वन्सं सुट्टीला यायच्या, आईजवळ बसून तिची गाणी ऐकायच्या आणि परत जायच्या. हे माझ्या मनात होतं. सासूबाईंची गाणी मात्र खरंच चांगली होती... डोहाळजेवणाची, हळदीची, पाठवणीची. कुठे छापलेली नव्हती. आता ती फक्त वन्संना पूर्ण येत होती आणि त्यांचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला होता. डॉक्टर म्हणाले, फार दिवस गाता यायचं नाही. वन्संनी मनावर घेतलं की आवाज आहे तोवर सगळी गाणी संगणकात भरून ठेवायची.

संगणक घरात होता, मेधा त्यावर तिच्या ऑफिसची कामं करायची. तिने सांगितलं की माईक नुसता संगणकाला जोडून भागत नाही, मध्ये एक यंत्र लागतं. ती त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणे, आम्ही डबी म्हणू लागलो. गणपतीत मंडपांना स्पीकर पुरवणारा एक साऊंडवाला मेधाच्या ओळखीचा. त्याने मुंबईहून तीन डब्या मागवून आठवडाभर घरी ठेवायला दिल्या. पहिली चांगली पाटाएवढी, तिला भोकंच भोकं. वन्सं म्हणाल्या, "एवढ्या माईकना तोंडं कुठून आणू?" दुसरी खेळण्यासारखी हलकी. तिच्यात वन्संचा पातळ आवाज वाढवला की त्याच्याबरोबर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर वाढायची. तिसरी लहानशीच, पण हातात घेतली तर लोखंडाच्या वजनासारखी जड, पुढे दोन भोकं. वन्सं कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बराच वेळ गुणगुणत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही ऐकते गं."

"महाग आहे," मी म्हटलं.

"वहिनी, उरलेला आवाज स्वस्तात घालवू का?"

साऊंडवाला प्रामाणिक माणूस. त्याने बजावलं, "बाई, ही बारीकसारीक सगळं उचलते. खोली बंद हवी." म्हणून आम्ही माजघराच्या दाराला आणि खिडक्यांना गोधड्या टांगल्या. दार लावलं की बाहेरचं आत काही ऐकू येत नाही, असं मला वाटायचं. आमचं घर कौलारू. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत आढ्यापर्यंत जात नाही, वर कौलांखाली हातभर मोकळं आहे. इतकी वर्षं त्या घरात वावरलेल्या आम्ही दोघी, पण वर कोणी बघितलं नाही.

वैशाखात त्या गायला बसल्या. मला काम करताना पुटपुटायची सवय आहे, ती सगळ्या घराला माहीत आहे. पलीकडे गाणं, अलीकडे माझी भांडी. मधूनच गाणं थांबायचं, काही वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मला वाटायचं, विसरतात. एकदा त्यांनी दार किलकिलं करून विचारलं, "वहिनी, तुमचं आटपत आलं का?" मला वाटलं चहा हवाय. "ठेवते, दम धरा," मी म्हटलं. "सावकाश होऊ दे," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. चेहरा घामाने डबडबलेला होता. मी म्हटलं दम्याचा घाम.

तेराव्यानंतर मेधाने एका संध्याकाळी ती गाणी लावली. पाठवणीचं गाणं चालू होतं, अर्ध्यावर आलं, आणि मागून माझा आवाज. लांबून, पण शब्दन् शब्द कळणारा. "जन्मभर पंख्याखाली बसून पगार घेतला, आता पंख्याखाली बसून गाणी. आई हगत होती तेव्हा कुठे गेली होती ही गाणी?"

गाणं थांबलं होतं. नुसता श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा वाजणारा. माझं बोलणं पुरं होईपर्यंत त्या थांबल्या, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं. पुन्हा मी. पुन्हा त्या थांबल्या. तिसऱ्या वेळी कडव्यापर्यंत पोचायच्या आत खोकला आला आणि तिथेच ते संपलं.

"पंखा बंद असायचा, आई," मेधा म्हणाली. "त्याचा आवाज येतो ना त्यात. आत्या खिडक्या लावून तशाच बसायच्या."

सासूबाईंचं मी बोलले ते खोटं नव्हतं. पण ते तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, आणि भिंतीआडून बोलले तर त्यात एका दमेकरी बाईचा श्वास खर्ची पडला. त्यांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते. तसं सांगायचं तर आपण ऐकलं हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनी मला तेवढ्यापासून वाचवलं.

नातेवाईकांना द्यायला मेधा सीडी करत होती. "तुमचं बोलणं काढून टाकू?" तिने विचारलं.

"काढलंस तर गाणं पुरं होईल?"

"नाही. पुढचं त्यांनी पुन्हा म्हटलंच नाही."

"मग राहू दे. अर्धं का राहिलं ते कळू दे लोकांना."

सीडी खेडपर्यंत गेल्या. खेडच्या भाचीचा फोन आला, ती कशी आहात वगैरे विचारत बसली, त्या गाण्याबद्दल काही बोलली नाही. म्हणजे ऐकलं असणार.

परवा गोधड्या उतरवायला माजघरात गेले. दार लोटलं, पंखा लावला नाही, वन्संच्या स्टुलावर टेकले. डबी टेबलावर तशीच आहे, वर मेधाने रुमाल घातलाय. मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली, भांडं आपटलं आणि कौलांखालून तिचा आवाज स्वच्छ आला. "गोधड्या धुवायच्या म्हणे. हुकूम सोडायला काय जातं म्हातारीला, धुणार मीच." मग माझ्या स्वभावावर आणखी बरंच काही. मेधा हे वाचेल, वाचू दे. मला खोकल्याची उबळ येत होती. पदर तोंडात धरला आणि तिचं बोलून होईपर्यंत स्टुलावरून हलले नाही.